प्रवेश, भाषा आणि पैसा : बाबासाहेबांच्या युरोपातील शिक्षणाची कथा

आखाडा बाळापूर : हिंगोली–नांदेड रस्त्यावरील या गावातून युरोपातील विद्यापीठाचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज तीन प्रश्न उभे राहतात. प्रवेश मिळेल काय, तिथली भाषा जमेल काय आणि खर्च कोण करील? हे प्रश्न नवे नाहीत. शंभर वर्षांपूर्वी लष्करातील एका निवृत्त सुभेदाराच्या मुलासमोर तेच तीन प्रश्न उभे होते. त्यापैकी पहिले दोन त्याने विद्वत्तेच्या बळावर सोडविले. तिसऱ्याने मात्र त्याला दोनदा शिक्षण अर्धवट टाकून मायदेशी परतायला लावले. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या आयुष्यातील लंडन आणि बॉन ही प्रकरणे या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत.

करारावर मिळालेली संधी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे शालेय शिक्षण सातारा आणि मुंबई येथे झाले. अस्पृश्यतेमुळे त्यांना शाळेत संस्कृत हा विषय घेता आला नाही. त्याऐवजी त्यांनी फारसी घेतली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. पूर्ण केले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि घरची जबाबदारी अंगावर आली.

त्याच वर्षी बडोदा संस्थानाने त्यांना अमेरिकेत उच्च शिक्षण घेण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती मंजूर केली. ही रक्कम दरमहा साडेअकरा पौंड होती. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, अशी अट करारात होती. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. पदवी मिळविली. येथेच त्यांना प्रा. एडविन सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्राचे गुरू लाभले आणि नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला. हे दोन्ही संबंध पुढे युरोपात त्यांच्या कामी आले.

लंडनचे दार

१९१६ मध्ये भीमराव लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश मिळविण्यासाठी त्यांच्याजवळ कोलंबियाची पदवी तर होतीच, शिवाय सेलिग्मन यांचे शिफारसपत्रही होते. आजही परदेशी विद्यापीठे अर्जासोबत प्राध्यापकांची शिफारसपत्रे मागतात. त्या काळी अनोळखी देशातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी अशा पत्राचे मोल अधिकच होते. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी तेथे नाव नोंदविले आणि नोव्हेंबरमध्ये बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला.

शिक्षणशुल्काचा आकडा आज वाचताना लहान वाटतो. स्कूलची फी १० पौंड १० शिलिंग होती. म्हणजे बडोद्याच्या एका महिन्याच्या शिष्यवृत्तीत ती बसत होती. खरा भार होता तो राहण्या-जेवण्याचा, पुस्तकांचा आणि घरी पाठवावयाच्या पैशांचा. परदेशी शिक्षणाचा हिशेब मांडताना केवळ फी पाहून भागत नाही, हा धडा तेव्हाही तितकाच खरा होता.

शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याकडून परत येण्याचे फर्मान आले. अभ्यास अर्ध्यावर होता. विद्यापीठाने त्यांना चार वर्षांपर्यंतची सवलत दिली. त्या मुदतीत परतून अभ्यास पूर्ण करता येणार होता. १९१७ च्या उन्हाळ्यात, महायुद्ध सुरू असताना, ते मुंबईकडे निघाले. पुस्तके त्यांनी निराळ्या जहाजाने पाठविली होती. ते सालसेट जहाज जुलैमध्ये पाणतीराच्या (टॉर्पेडोच्या) हल्ल्यात बुडाले आणि पोटाला चिमटा घेऊन जमविलेली ग्रंथसंपदा समुद्राच्या तळाशी गेली.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीसाठी गेले. तेथे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहात आश्रय घेतला, तर जात कळताच तेथूनही बाहेर काढण्यात आले. कचेरीतील वागणूकही तशीच होती. जगातील दोन नामांकित विद्यापीठांत शिकलेल्या माणसाला आपल्याच देशातील एका शहरात छप्पर मिळेना. ते मुंबईला परतले.

रुपया, पौंड आणि एका विद्यार्थ्याचा हिशेब

चार वर्षांची मुदत हाताशी होती, पैसा नव्हता. नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ४५० रुपये पगाराची नोकरी मिळाली. परळच्या चाळीतील साध्या राहणीतून त्यांनी पगारातील रक्कम शिल्लक टाकण्यास सुरुवात केली. रमाबाई तुटपुंज्या रकमेत संसार चालवीत होत्या. बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाचा ताळेबंद मांडताना या माउलीने सोसलेली काटकसर जमेच्या बाजूला सर्वांत वर लिहावी लागेल.

मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. त्याच महिन्यात माणगाव परिषदेत कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज त्यांच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहिले होते. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांनी दिलेले १५०० रुपये आणि नवल भथेना यांच्याकडून कर्जाऊ घेतलेले ५००० रुपये, एवढ्या शिदोरीवर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला रवाना झाले.

या हिशेबात एक अडचण दडलेली होती. १९२० मध्ये ब्रिटिश सरकारने रुपयाचा दर दोन शिलिंग ठरविला होता. त्या दराने दहा रुपयांना एक पौंड पडत असे. पण हा दर टिकला नाही. १९२१ मध्ये रुपया घसरून दीड शिलिंगाच्याही खाली गेला आणि पौंडाला पंधरा रुपयांच्या आसपास मोजावे लागू लागले. उदाहरणादाखल, दहाच्या दराने ६५०० रुपयांचे ६५० पौंड होतात. पंधराच्या दराने ते जेमतेम ४३३ उरतात. विद्यार्थ्याने एक पैसाही वायफळ खर्च केला नाही, तरी त्याच्या गाठीचा तिसरा हिस्सा अशा घसरणीत नाहीसा होऊ शकतो.

सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी शाहू महाराजांना पत्र लिहून विनिमय दराच्या या फटक्याची कल्पना दिली आणि २०० पौंडांचे कर्ज मागितले. त्यापैकी निम्मी रक्कम बॅरिस्टरीची फी भरण्यासाठी आणि निम्मी परतीच्या प्रवासासाठी हवी होती. पुढच्याच वर्षी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराजांचे निधन झाले आणि एक मोठा आधार हरपला.

योगायोग असा की, याच काळात ते ज्या प्रबंधावर काम करीत होते त्याचा विषयच रुपया हा होता. हिंदुस्थानच्या चलनाचा इतिहास, त्याचा पौंडाशी बांधलेला दर आणि त्याचा देशातील किमतींवर होणारा परिणाम यांची त्यात चिकित्सा होती. ज्या दुखण्यावर हा अभ्यासक ग्रंथालयात बसून संशोधन करीत होता, तेच दुखणे संध्याकाळी त्याच्या ताटात उतरत होते. सकाळी पावाचा तुकडा व चहा घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि ते बंद होईपर्यंत तेथेच बसत. दुपारच्या जेवणाला बहुधा फाटाच असे. रात्री खोलीवर अभ्यास करताना भूक असह्य झाली, की मायदेशाहून आलेले पापड भाजून खात. १९२१ मध्ये त्यांनी एम. एस्सी. पदवी मिळविली आणि १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले.

बॉन आणि जर्मन भाषा

लंडनमध्ये असतानाच बाबासाहेबांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी प्रयत्न केले, ही बाब त्यांच्या चरित्रात अनेकदा एका ओळीत संपते. भाषेच्या अटीच्या संदर्भात मात्र ती महत्त्वाची आहे. फेब्रुवारी १९२१ मध्ये त्यांनी बर्लिन येथील प्रशियाच्या शिक्षण मंत्रालयाकडे अर्ज केला. हा अर्ज त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात आणि जर्मन भाषेत लिहिला होता. एप्रिल १९२१ मध्ये त्यांची विद्यापीठात नोंदणी झाली.

इंग्रजी ही शिक्षणाची भाषा असलेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या युरोपीय देशाच्या दारावर त्या देशाच्या भाषेत थाप मारावी, यामागे किती तयारी असेल याची कल्पना करता येते. बॉनला आणखी एक परंपरा होती. जर्मनीतील संस्कृतचे पहिले अध्यासन १८१८ मध्ये याच विद्यापीठात सुरू झाले. मुंबईच्या शाळेत ज्याला संस्कृतच्या वर्गात बसू दिले गेले नाही, त्याचे नाव संस्कृत विद्येच्या या युरोपीय पीठाच्या पटावर लागले. इतिहासातील असा न्याय विरळाच.

परंतु प्रवेश मिळाला म्हणून शिक्षण झाले असे नव्हे. लंडनचा अभ्यास सोडून ते बॉनला सलग राहू शकले नाहीत. हजेरी नसल्यामुळे जानेवारी १९२२ मध्ये त्यांचे नाव पटावरून कमी करण्यात आले. पुढे काही काळ त्यांनी जर्मनीत अभ्यासासाठी मुक्काम केला. त्या वेळी जर्मन मार्कची घसरगुंडी सुरू होती. १९२२ च्या प्रारंभी पौंडाला सुमारे ८०० मार्क मिळत. वर्षअखेरीस हा आकडा तीस हजारांच्या पुढे गेला. हाती पौंड असलेल्या परदेशी माणसाला जर्मनी स्वस्त पडे. मात्र बॉनची पदवी मिळविण्याइतका अवधी बाबासाहेबांना मिळाला नाही.

मार्च १९२३ मध्ये लंडनहून निरोप आला. प्रबंधातील ब्रिटिश धोरणावरील टीका परीक्षकांना रुचली नव्हती आणि त्यांनी काही भाग पुन्हा लिहिण्यास सांगितले होते. लंडनमध्ये राहून हे काम करण्यास पैसा उरला नव्हता. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. उरलेले काम मुंबईत बसून पूर्ण केले आणि प्रबंध पुन्हा लंडनला पाठविला. निष्कर्षांचा गाभा त्यांनी सोडला नाही. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो स्वीकारला गेला आणि लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. ही पदवी त्यांना मिळाली. पदवीचा शेवटचा टप्पा असा हजारो मैल दूर, कर्ज डोक्यावर घेऊन पार पडला.

वाट इतरांसाठी

स्वतः शिकून मोकळे होणे बाबासाहेबांना पुरेसे वाटले नाही. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाल्यावर त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना एक निवेदन सादर केले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी दरवर्षी दोन लाख आणि इंग्लंड, युरोप, अमेरिका येथील विद्यापीठांत पाठविण्यासाठी एक लाख रुपये सरकारने द्यावेत, अशी मागणी त्यांनी त्यात केली. सरकारने तीन लाखांची तरतूद मान्य केली. राजे-महाराजांच्या औदार्यावर आणि मित्राच्या कर्जावर अवलंबून राहण्याची पाळी पुढच्या मुलांवर येऊ नये, हा त्यामागचा स्वानुभवाचा विचार स्पष्ट दिसतो.

मराठवाड्याशी त्यांचे नातेही शिक्षणातूनच जुळले. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होता. पदवी शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलाला परदेश तर दूरच, राजधानीतील महाविद्यालयाची पायरी चढण्याआधीच भाषेची अट ओलांडावी लागत होती. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील मुलांसाठी पदवीचे दार उघडले.

आजच्या अटींचे स्वरूप बदलले आहे, गाभा तोच आहे. जर्मनीत शिकू इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाआधी शैक्षणिक कागदपत्रांची एपीएस पडताळणी करून घ्यावी लागते. इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमासाठी आयईएलटीएससारखी, तर जर्मन माध्यमासाठी टेस्टडाफसारखी परीक्षा द्यावी लागते. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. पण निर्वाहखर्चाची हमी म्हणून सप्टेंबर २०२४ पासून एका वर्षासाठी ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाखांहून अधिक रुपये, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. फी लहान आणि राहण्याचा खर्च मोठा, हे १९१६ चे गणित येथे पुन्हा भेटते. रुपया घसरला की ते आणखी अवघड होते, हेही तसेच.

फरक एवढाच की, आज मदतीची वाट कागदावर लिहिलेली आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्ती योजना आहे आणि तिला नाव आहे राजर्षी शाहू महाराजांचे. लंडनमध्ये बाबासाहेब ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर राज्य सरकारने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केले. ते पाहायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की त्या घरात राहणारा विद्यार्थी हुशारीत कोठेच कमी पडला नव्हता. तो कमी पडला तो केवळ पैशापाशी. हळदीच्या वावरात आई-वडिलांसोबत राबणाऱ्या आपल्या भागातील एखाद्या मुलीचा अर्ज त्याच एका रकान्यापाशी अडणार नाही, एवढे पाहणे समाजाच्या आणि सरकारच्या हाती आहे.