चांदबिबी : एक भांडण, दोन दरबार

बुऱ्हाणपूरला राजघाटावर उभं राहिलं की तापीपलीकडे झैनाबाद, आणि तिथून पुढे दक्षिणेची वाट. सोळाव्या शतकात हे शहर फारुकींच्या खानदेशाची राजधानी होतं. इथल्या जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही आहे, ती बांधणारा राजा अलीखान इथे बसून शेजारच्या सुलतानांची भांडणं बघत असे, आणि वेळ आली की त्यात उतरतही असे. त्या भांडणांतच जिचं आयुष्य गेलं ती चांदबिबी. शाळेच्या पुस्तकात ती तटावर तलवार घेऊन उभी असते, बस्स. पण ती अहमदनगरची मुलगी आणि विजापूरची राणी होती. दोन शेजारी राज्यांतलं पक्षांचं राजकारण तिच्याइतकं जवळून फार कुणी पाहिलं नसेल.

पक्ष म्हणजे अर्थातच निवडणुका लढवणारे नव्हेत, दरबारातले गट. एकीकडे दख्खनी, म्हणजे इथेच रुजलेले मुसलमान सरदार, आणि बहुतेक वेळा त्यांच्या बाजूने हबशी. दुसरीकडे आफाकी, म्हणजे इराण-तुराणातून आलेले. हे वैर मुळात बहमनी राज्यातलं. १४८१ मध्ये महमूद गावानचा बळी त्यातूनच गेला. बहमनी राज्य फुटलं तसं वैरही वाटून घेतलं गेलं. निजामशाही उभी केली ती दख्खनी गटाच्या पुढाऱ्याच्या मुलाने, आदिलशाही बाहेरून आलेल्या युसुफने. विजापूरला सुलतान बदलला की पारडं फिरायचं. पहिल्या इब्राहिमने आफाकींना दूर करून दख्खनींना जवळ केलं. त्याचा मुलगा अली आला आणि पुन्हा उलटं झालं.

याच अलीशी चांदबिबीचं लग्न झालं, तालिकोटच्या १५६५ च्या लढाईआधी, विजयनगरविरुद्धच्या युतीचा भाग म्हणून. हुंड्यात सोलापूर! १५८० मध्ये अलीचा खून झाला आणि त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या दुसरा इब्राहिम गादीवर आला. चांदबिबी त्याची पालक झाली. मग कारभारी एकामागून एक : कामिलखान, किश्वरखान, हबशी इखलासखान, शेवटी दिलावरखान. किश्वरखानाने तर तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. तरी एक गोष्ट लक्षात घ्या, यांच्यापैकी कुणीही दुसरा राजा उभा केला नाही. भांडण कारभाराचं होतं, राजा तोच राहिला. हाच इब्राहिम पुढे १६२७ पर्यंत राज्य करून गेला.

ती माहेरी परतली तेव्हा तिथे वेगळंच चाललं होतं. १५८८ मध्ये तिचा भाऊ मुर्तझा निजामशहा मुलाच्या हातून मारला गेला, पुढच्या वर्षी तो मुलगाही मेला आणि दख्खनी जमालखानाने शहरात परदेशी लोकांची कत्तल मांडली. इतिहासकार फिरिश्ता याच सुमारास नगर सोडून विजापूरला गेला. जमालखानाचा राजा वेगळा, त्याच्या विरोधकांचा वेगळा. १५९१ मध्ये राजा अलीखानाच्या मदतीने बुऱ्हाण निजामशहाने रोहिणखेडला जमालखानाला संपवलं. हा बुऱ्हाण तोवर अकबराच्या आश्रयाला होता.

१५९५ मध्ये तर नगरात एकाच वेळी चार राजे! मियाँ मंजूचा अहमद, इखलासखानाचा मोती, अहंगखानाचा सत्तरी ओलांडलेला शाह अली, आणि चांदबिबीच्या बाजूचा तान्हा बहादूर. (हा इखलासखान नगरचा, विजापूरचा तो दुसरा.) माझ्या मते निजामशाही इथेच हरली. गट असण्याने नाही, प्रत्येक गटाने आपापला राजा केल्याने. अडचणीत आलेल्या मियाँ मंजूने मोगल शहजादा मुरादला बोलावलं, नंतर त्याला पस्तावा झाला, पण फौज येऊन पोचली होती. वाटेत खानदेशचा राजा अलीखानही तिला मिळाला.

मग ते प्रसिद्ध वेढ्याचे दिवस. सुरुंगाने तट फुटला, चांदबिबी चिलखत घालून खिंडारात उभी राहिली, रातोरात भिंत चढवली गेली. मोगलांच्या छावणीतही मुराद आणि खानखाना यांचं पटत नव्हतंच. १५९६ मध्ये तह झाला : वऱ्हाड गेलं, बहादूर राजा म्हणून टिकला.

पण नगरातले गट काही थांबले नाहीत. तिने नेमलेला पेशवा महंमदखान तिच्यावरच उलटला. त्याला हटवायला विजापूरची मदत मागावी लागली. नंतर आलेल्या अहंगखानाशीही बिनसलं. दरम्यान १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठला राजा अलीखान मोगलांकडून लढताना पडला. तो शत्रूला मिळाला असं समजून मोगलांनी त्याचीच छावणी लुटली, मग रणात त्याचं प्रेत सापडलं.

१६०० मध्ये मोगल परत आले. किल्ला टिकणार नाही हे ओळखून चांदबिबीने बोलणी करून बहादूरला सुखरूप जुन्नरला न्यायचं ठरवलं. हमीदखानाने बाहेर ओरड केली की राणी फितूर झाली. जमाव आत घुसला आणि तिला मारलं. थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. बहादूरला बुऱ्हाणपूरला अकबरापुढे उभं केलं गेलं आणि मग ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कोंडलं. अकबर तेव्हा खानदेश घ्यायलाच इथे आला होता. १६०१ च्या जानेवारीत असीरगडही त्याच्या हाती आला.