आनंदीबाईंची फिलाडेल्फियातली खोली

अड्याळहून होस्टेलला निघालो की आई चिवड्याचा डबा बॅगेत कोंबतेच. फर्स्ट इयरला तो आठ दिवसांत संपला आणि मेसची भाजी पाहून घर आठवायला लागलं. त्याच दिवसांत लायब्ररीत डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र हाती लागलं. शाळेत आपण डिग्री तेवढी पाठ केली. त्या तिकडे जेवत काय होत्या, हे कुणी सांगितलंच नाही.

३१ मार्च १८६५ चा जन्म. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांशी लग्न. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. तेव्हापासून डॉक्टर व्हायचं मनाने घेतलं. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून त्या बोटीत बसल्या, नवऱ्याशिवाय. वय अठरा!

न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंनी त्यांना घरच्यासारखं ठेवलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पण हे सुख काही महिन्यांचंच. मग फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय कॉलेज आणि आपल्यासारखीच एक खोली. मांसाहार करायचा नाही, म्हणून अभ्यास सांभाळून स्वतःच रांधायचं. खोलीतली शेगडी धड पेटत नसे, धूरच जास्त. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहून थंडी बाधे, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. गोपाळरावांच्या पत्रांत मायेबरोबर बोलणीही असत.

११ मार्च १८८६ ला त्या एम. डी. झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात नेमणूकही झाली. पण क्षयाने शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. एकही दिवस नोकरी करता आली नाही. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला गेली आणि त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत पकिप्सीला विसावली.

पुस्तक मिटलं तेव्हा शेजारच्या रूममधला मित्र खोकत होता. तीन आठवडे झाले होते आणि सबमिशनच्या धावपळीत मी साधं विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. टीबी नव्हता, पण पोरगा महिनाभर एकच वेळ जेवत होता.

मित्रांनो, मार्क तर आपण सगळेच विचारतो. जेवलास का, हेही विचारू या.