महाभारत चौकटीत मांडणारा पंडित

हल्ली घरातला मुलगा किंवा मुलगी संगणकाच्या वर्गाला जाऊ लागली, की ‘डेटाबेस’, ‘टेबल’, ‘की’, ‘क्वेरी’ असे शब्द जेवणाच्या पानावरही ऐकू येतात. आजी-आजोबांना ते परके वाटतात. पण त्यामागचा विचार पुण्याला नवा नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात, संगणक जन्माला येण्याआधी, डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर याच विचाराने महाभारत मांडत होते.

सुखठणकरांचा जन्म १८८७ सालचा, मुंबईचा. केंब्रिजला ते गणित शिकले आणि मग बर्लिनला प्रा. ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृताकडे वळले. मायदेशी आल्यावर पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रे १९२५ मध्ये त्यांच्याकडे आली.

काम डोंगराएवढे होते. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत पोथ्याच पोथ्या! कुठे शब्द निराळा, कुठे श्लोक जादा, तर कुठे अख्खी कथाच नवी.

यावर उपाय होता एक साधा फुलस्केप कागद. त्यावर आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला एक श्लोक. खाली प्रत्येक पोथीला स्वतंत्र ओळ, आणि जिथे फरक असेल तिथे बरोबर त्या अक्षराखाली नोंद. उजवीकडे चार इंचांची जागा शेऱ्यांसाठी व जादा श्लोकांसाठी.

प्रत्येक पोथीला एक खूण दिलेली असे. पोथी कुठली, लिपी कोणती, ही माहिती एकदाच वेगळी नोंदवायची. पाठभेदापाशी फक्त खूण. डेटाबेसची रचना शिकताना पहिला धडा हाच असतो. एक माहिती एकाच जागी ठेवावी आणि खुणेने, म्हणजे ‘की’ने, ती जोडावी. मग चूक दुरुस्त करायची तर एकाच ठिकाणी करावी लागते. १९७० मध्ये आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड यांनी हा विचार गणिताच्या भाषेत संगणकासाठी मांडला. तेही मूळचे गणिताचेच विद्यार्थी.

अशी मांडणी झाली, की प्रश्न विचारता येतो. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही घराघरातली लाडकी कथा कोणकोणत्या पोथ्यांत आहे? खुणा जुळवल्यावर दिसले, की अनेक पोथ्यांत ती नाहीच. श्रद्धाळू मनाला हे रुचणे कठीण होते. पण सुखठणकरांनी ती फेकून दिली नाही. पोथ्यांच्या खुणांसह परिशिष्टात छापली. जिथे पाठाची खात्री नव्हती, तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ ओढली. पोथी काय म्हणते ही नोंद वेगळी आणि संपादकाचा निर्णय वेगळा. ज्याला निर्णय पटत नाही, त्याने तीच नोंद पुन्हा तपासावी.

आदिपर्व १९३३ मध्ये पुरे झाले, आरण्यकपर्व १९४२ मध्ये. २१ जानेवारी १९४३ रोजी सुखठणकर गेले. पण काम त्यांच्या एकट्याच्या डोक्यात नव्हते, चौकटींत होते. म्हणून ते थांबले नाही. डॉ. बेलवलकर, डॉ. वैद्य यांनी ते पुढे नेले आणि १९६६ मध्ये ते सिद्धीस गेले. तोवर १,२५९ पोथ्या पाहून झाल्या होत्या.

क्वेरी लिहिण्याची घाई झालेल्या मुलांना म्हणूनच सांगावेसे वाटते, की आधी कागद घ्या, रेघा आखा आणि कुठली गोष्ट कुठल्या घरात बसते ते ठरवा. मांडणी चोख असेल, तर आपल्याला न सुचलेले प्रश्नही पुढची पिढी तिला विचारू शकते.