भक्ती बर्वे

भक्ती बर्वे-इनामदार (१० सप्टेंबर १९४८ – १२ फेब्रुवारी २००१) या मराठी नाट्य-अभिनेत्री, आकाशवाणीच्या निवेदिका आणि मुंबई दूरदर्शनच्या वृत्तनिवेदिका होत्या. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' या विनोदी नाटकातील मंजुळेच्या भूमिकेमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. बालनाट्य, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि व्यावसायिक रंगभूमी या सर्व क्षेत्रांत बोलीची आणि उच्चारांची उत्तम जाण हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य राहिले.

बालपण आणि बालरंगभूमी

भक्ती बर्वे यांचा जन्म सांगली येथे झाला. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' सादर केले ते याच गावी. भक्ती बर्वे यांचा रंगभूमीवरील प्रवेश मात्र मुंबईत, लहान वयात झाला. सुधा करमरकर यांनी १९५९ साली 'लिटल थिएटर' अर्थात 'बालरंगभूमी' ही संस्था सुरू केली. तोवर मुलांची नाटके बहुधा शाळेच्या स्नेहसंमेलनापुरती असत. मुलांसाठीचे नाटकही मोठ्यांच्या नाटकाइतक्याच कसोशीने, रीतसर तालमी आणि नेपथ्यासह उभे राहिले पाहिजे, असा करमरकर यांचा आग्रह होता. या शिस्तीत भक्ती बर्वे घडल्या. 'चिनी बदाम' हे त्यांच्या आरंभीच्या बालनाट्यांपैकी एक होय.

आकाशवाणी आणि दूरदर्शन

पुढे त्या आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर निवेदिका झाल्या. श्रोत्याला केवळ आवाज ऐकू येत असल्याने तेथे प्रत्येक उच्चार तोलून करावा लागे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातील दुसरे दूरचित्रवाणी केंद्र होते. या केंद्रावरून भक्ती बर्वे मराठी बातम्या देऊ लागल्या आणि त्यांचा चेहरा व आवाज प्रमाण मराठीशी जोडला गेला.

ती फुलराणी

१९७५ साली 'ती फुलराणी' रंगमंचावर आले. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' या नाटकाचे हे मराठी रूपांतर होय. फुले विकणाऱ्या अशिक्षित मुलीला शुद्ध बोलायला शिकवून उच्चभ्रू समाजात उभी करण्याची पैज एक भाषातज्ज्ञ प्राध्यापक लावतो, असे त्याचे कथानक आहे. प्राध्यापकाची भूमिका सतीश दुभाषी यांनी केली. बातम्यांमधून निर्दोष मराठी ऐकवणारी निवेदिका येथे रांगड्या बोलीत कडाकडा भांडताना दिसली. मंजुळेच्या बोलण्यावर प्रेक्षक हसत; परंतु अपमानाने पेटलेली मंजुळा एकटीच प्राध्यापकाला धडा शिकवण्याची प्रतिज्ञा करू लागली, की त्या हसण्यामागचा प्रश्न समोर येई. भाषा बदलली तरी त्या मुलीला घर कोणते, हा तो प्रश्न होता. या भूमिकेचे त्यांनी शेकडो प्रयोग केले. नंतरच्या काळात सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष आदी अभिनेत्रींनी मंजुळा साकारली.

अन्य भूमिका

विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेले 'अजब न्याय वर्तुळाचा', वसंत कानेटकर यांचे 'अखेरचा सवाल' आणि अशोक पाटोळे यांचे 'आई रिटायर होतेय' ही त्यांची अन्य महत्त्वाची नाटके होत. प्रेमानंद गज्वी यांच्या 'गांधी आणि आंबेडकर' या नाटकात त्यांनी विदूषकाची भूमिका केली. कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारो' (१९८३) या हिंदी चित्रपटात त्यांनी शोभा सेन ही धूर्त संपादिका रंगवली, तर 'हजार चौरासी की माँ' (१९९८) या चित्रपटातही त्यांची भूमिका होती.

खानदेशाच्या दृष्टीने त्यांची विशेष महत्त्वाची भूमिका म्हणजे दूरदर्शनच्या चित्रपटातील बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाईंना (१८८०–१९५१) लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर सुचलेली त्यांची कविता घरच्या बोलीत आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील बोलींना शहरी नाटक-सिनेमात अनेकदा केवळ हशा पिकवण्यापुरते स्थान मिळत आले. ज्या दूरदर्शनवर भक्ती बर्वे प्रमाण मराठीत बातम्या देत, त्याच दूरदर्शनवर त्यांनी साकारलेल्या या भूमिकेत मात्र खानदेशातील बोलीची कवयित्री कथेच्या केंद्रस्थानी होती.

वैयक्तिक जीवन, सन्मान आणि निधन

'ये जो है जिंदगी' (१९८४) या विनोदी दूरचित्रवाणी मालिकेमुळे लोकप्रिय झालेले अभिनेते शफी इनामदार हे त्यांचे पती होत. १३ मार्च १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. भक्ती बर्वे यांना अभिनयासाठी १९९० सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. उत्तरायुष्यात त्या 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा एकपात्री कार्यक्रम सादर करीत.

१२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून मुंबईला परतत असताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झालेल्या मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. मृत्युसमयी त्यांचे वय ५२ वर्षे होते.