मालवीय आणि थकलेल्या विहिरी

मुंबई हायच्या जुन्या क्षेत्रातून अधिक तेल आणि वायू काढण्यासाठी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने जानेवारी २०२५ मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सेवा घेण्याचे ठरविले, तेव्हा केशवदेव मालवीय यांचे स्मरण होणे अपरिहार्य होते.

१९०४ मध्ये अलाहाबादेत जन्मलेले मालवीय स्वातंत्र्यलढ्यातून पुढे आले. नेहरूंच्या सरकारात नैसर्गिक साधनसंपत्तीचे काम त्यांच्याकडे आले, त्या वेळी देशातील तेलाचा व्यापार बर्मा-शेलसारख्या परदेशी कंपन्यांच्या हाती होता. १९५६ मध्ये त्यांनी तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा केला. सोव्हिएत तज्ज्ञ आले. आपले भूवैज्ञानिक त्यांच्यासोबत काम करीत शिकले. १९५८ मध्ये खंबायतला, १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. त्याच वर्षी परदेशी कंपन्यांनी स्वस्त सोव्हिएत तेल आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्यास नकार दिला, आणि स्वतःचे कारखाने हवेत हा मालवीयांचा आग्रह का होता, ते टीकाकारांनाही उमगले. पुढे एका खाणमालकाशी संबंधित आरोपावरून १९६३ मध्ये त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. हा डाग चरित्रकाराने लपवू नये. १९७४ च्या अखेरीस ते पेट्रोलियम मंत्री म्हणून परतले, तोवर मुंबई हायचा शोध लागून गेला होता.

वायुक्षेत्र जुने झाले म्हणजे रिते होते असे नाही. भूगर्भातील दाब घटतो, विहिरीत पाणी शिरते, काही थर अस्पर्शित राहतात. मग दाबयंत्रे बसवावी लागतात, जुन्या विहिरीतूनच आडव्या शाखा काढाव्या लागतात. हे काम भांडवलाइतकेच ज्ञानाचे आहे. बीपीची मूळ कंपनी १९०९ मध्ये बर्मा ऑइलच्याच पोटी जन्मली, हा योगायोग मौजेचा खरा. परंतु मोबदला घेऊन सेवा देणारा आणि क्षेत्राचा मालक यांत फरक आहे. मालवीयांनीही परक्यांचे साहाय्य कधी नाकारले नव्हते. मात्र त्यांच्या काळी आपले लोक शिकून तयार झाले. या वेळी तसे होणार की नाही, याची चर्चा मला फारशी कोठे आढळली नाही.

वसईच्या समुद्रातील वायुक्षेत्र १९७६ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत सापडले. तेथील वायू पुढे हाजिऱ्याहून नळाने उत्तर प्रदेशात, त्यांच्या स्वतःच्या प्रांतात पोहोचला. मालवीय १९८१ मध्येच निवर्तले होते.