धागा तुटला की थांबायचं!

प्रॉडक्शन मॅनेजमेंटचा पेपर असेल तर ‘लीन मॅन्युफॅक्चरिंग’ची व्याख्या तुम्ही रात्री जागून घोकली असणार. नासाडी कमी, दर्जा चोख, ग्राहकाला हवं तेवढंच उत्पादन. सोबत टोयोटाचं नावही येतं. पण या विचाराचं एक मूळ मोटारीत नाही, चक्क कापडाच्या मागात आहे, हे ठाऊक होतं?

साकिची टोयोडा. जन्म १८६७, जपानमधल्या एका खेड्यात, सुताराच्या घरी. घरातल्या बायका हातमागावर राबायच्या. पोरानं वडिलांचा धंदा पुढे न्यायचा सोडून मागाशी खटपट सुरू केली. १८९०मध्ये तो टोकियोला औद्योगिक प्रदर्शन बघायला गेला आणि तिथली यंत्रं पाहतच बसला. त्याच वर्षी त्यानं एका हातानं चालणारा लाकडी माग बनवला.

पुढचा माग वाफेवर चालणारा. इथे खरी गंमत आहे. यंत्राला डोळे नसतात. आडवा धागा तुटला तरी माग धडाधड चालतच राहणार आणि वाया गेलेलं कापड विणत बसणार. सूत गेलं, इंधन गेलं, मेहनतही गेली. साकिचीनं अशी सोय केली, की बाण्याचा धागा तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबेल.

आता हा माग विकायचा कसा? त्यानं आधी भागीदारीत विणकामाचा कारखाना काढला आणि त्या मागांवरचं कापड बाजारात आणलं. कापड इतकं एकसारखं, की मित्सुईसारख्या बड्या व्यापारी कंपनीचं लक्ष मागाकडे गेलं. जाहिरातीचं काम मालानंच केलं!

पण सगळं सुरळीत झालं असं समजू नका. मंदी आली, धंदा बसला, आणि १९१०मध्ये स्वतःच्या नावाच्या कंपनीतून त्याला राजीनामा द्यावा लागला. वय त्रेचाळीस. विचार करा, आपलं काय झालं असतं? हा गडी अमेरिकेला गेला, तिथले कारखाने पाहिले, परत येऊन पुन्हा सुरुवात केली.

१९२४मध्ये ‘जी टाइप’ माग तयार झाला. वेग कमी न करता धोटा आपोआप बदलायचा, धागा तुटला की थांबायचा. एकेक कामगार तीस-तीस माग सांभाळू लागला, कारण चालणाऱ्या मागाकडे टक लावून बसायची गरजच उरली नाही. १९२९मध्ये प्लॅट ब्रदर्स या नामांकित इंग्रज कंपनीनं या मागाच्या पेटंट हक्कांसाठी एक लाख पौंडांचा करार केला. ज्यांची यंत्रं जग वापरायचं, तेच आता विकत घ्यायला आले होते!

१९३०मध्ये साकिची गेला. मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला. टोयोडांच्याच कापड गिरणीतून पुढे मोटार कारखान्यात आलेल्या ताइइची ओनोनं ‘चूक दिसली की थांबा’ हे तत्त्व मोटारीच्या असेंब्ली लाइनवर आणलं. तिथे साधा कामगारही दोरी ओढून काम थांबवू शकतो.

आज पर्यावरणाच्या नावानं आपण ‘शाश्वत उत्पादन’ म्हणतो. त्याचा पहिला धडा हाच : वाया जाणारी वस्तू बनवूच नका.

तेव्हा तुमचा प्रोजेक्ट कुठे अडला, तर तसाच रेटू नका. थांबा, तुटलेला धागा शोधा, मग पुढे चला. थांबणं म्हणजे हरणं नव्हे.