उसाच्या डनलॉप गाडीतला ‘डनलॉप’ कोण होता? आणि टायर बदलला की स्पीडोमीटर का चुकतो?

हातकणंगले तालुक्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या बैलगाड्या कारखान्याच्या वाटेला लागतात. लाकडी चाकांच्या जुन्या गाड्यांऐवजी आता रबरी टायरच्या गाड्या असतात. या गाडीला बरेच जण सरळ ‘डनलॉप’ म्हणतात.

हे एका माणसाचं आडनाव आहे. आणि हा माणूस इंजिनीअर नव्हता, गुरांचा डॉक्टर होता.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावातला. घर शेतकऱ्याचं. एडिंबरोत पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन ते पुढे आयर्लंडला गेले आणि बेलफास्टमध्ये त्यांचा दवाखाना जोरात चालू लागला.

तेव्हाच्या सायकलींना भरीव रबराचे टायर असायचे. दगडी रस्त्यावर हाडं खिळखिळी व्हायची. १८८७ साली डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी एक प्रयोग केला. लाकडी चकतीवर रबराची नळी बसवली, वरून कापड गुंडाळलं आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात सायकलीचं जुनं चाक आणि हे नवं चाक एकेक करून ढकलून पाहिलं. जुनं मध्येच आडवं झालं, हवेचं चाक मात्र पार फाटकापर्यंत गेलं आणि आपटून मागे उसळलं.

१८८८ साली त्यांना पेटंट मिळालं. १८८९ मध्ये विली ह्यूम या सायकलपटूने बेलफास्टच्या शर्यती याच टायरवर जिंकल्या. हार्वे दू क्रो नावाच्या व्यावसायिकाने हे हेरलं आणि डनलॉप यांना सोबत घेऊन डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तिथेच माशी शिंकली.

हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच घेतल्याचं उघड झालं. लोक ते विसरून गेले होते, डनलॉप यांनाही त्याची कल्पना नव्हती. त्यांचं पेटंट रद्द ठरलं. दुसऱ्यांची पेटंटं विकत घेऊन कंपनी तरली. डनलॉप मात्र १८९५ मध्ये बाहेर पडले. पुढच्याच वर्षी कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली. त्या मोठ्या कमाईत त्यांचा वाटा नव्हता. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. पैसा दुसऱ्यांनी कमावला, टायरवर नाव मात्र त्यांचं राहिलं.

आता स्पीडोमीटरकडे येऊ.

बैलगाडीला मीटर नसतो, त्यामुळे तिला कुठल्याही मापाचा टायर चालून जातो. मोटारीचं तसं नाही. मीटरला रस्ता दिसत नाही, तो फक्त चाकाचे फेरे मोजतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हा आकडा कंपनीने मूळ टायरवरून ठरवलेला असतो. तुम्ही मोठा टायर टाकलात, तर एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो.

हिशेब सोपा आहे. समजा, मूळ टायर १७५/६५ आर १४ आहे. म्हणजे रुंदी १७५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १४ इंची. रिम ३५५.६ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची मिळून उंची २२७.५ मिळवा. चाकाचा व्यास आला ५८३.१ मिलिमीटर.

त्याजागी १८५/६५ आर १५ बसवला, तर व्यास होतो ६२१.५. फरक जवळपास साडेसहा टक्क्यांचा. म्हणजे काटा ८० वर असतो तेव्हा गाडी ८५ ने पळत असते. वेगमर्यादा ८० ची असेल, तर तुमची काही चूक नाही असं वाटत असतानाच चलान येऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे, ब्रेक लावताना तुमचा अंदाज चुकतो. १०० किलोमीटर नोंदवले जातात तेव्हा गाडी १०६ पेक्षा जास्त धावलेली असते, त्यामुळे मायलेजही कमी झाल्यासारखं वाटतं.

यावर उपाय तीन.

पहिला आणि सगळ्यात सोपा: रिम मोठी केली, तर टायरची उंची कमी घ्या. वरच्याच उदाहरणात १८५/५५ आर १५ घेतला, तर व्यास ५८४.५ येतो. मीटर जवळजवळ बरोबर राहतो. पण तो माप तुमच्या गाडीला कंपनीने मान्य केला आहे का, हे आधी बघा.

दुसरा: काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये टायरचा माप बदलता येतो. हे काम सर्व्हिस सेंटरमध्ये होतं. केबलवर चालणाऱ्या जुन्या मीटरमध्ये केबल फिरवणारा छोटा गिअर बदलावा लागतो, अर्थात योग्य दात्यांचा मिळाला तर.

तिसरा: सेन्सर आणि मीटर यांच्यामध्ये बसणारं, सिग्नल दुरुस्त करणारं यंत्र.

दुचाकीत आधी मीटर कोणत्या चाकावरून चालतो ते विचारा. केबल पुढच्या चाकाला असेल, तर मागचा टायर बदलून मीटरमध्ये काहीच फरक पडत नाही.

टायर बदलल्यावर एकदा खात्री करून घ्या. कोल्हापूर-सांगली रस्त्यावर सरळ पट्टा बघून गाडी एकसारख्या वेगाने चालवा आणि मोबाइलवरचा जीपीएस वेग शेजारी बसलेल्याला वाचायला सांगा. मीटर थोडा जास्त दाखवत असेल तर घाबरू नका, कंपन्या तो मुद्दामच तसा ठेवतात. खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवत असेल, तर मात्र तसंच पुढे रेटू नका.